कुत्रा आणण्याआधीचे तीन महिने

(उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)

पुढच्या दोन रांगांत शाळकरी मुलं दिसतायत. त्यांच्या शेजारी बसलेल्या आईवडिलांच्या चेहऱ्यांवरून अंदाज येतो, की घरात हा विषय बरेच दिवस चालू आहे. "आई, आपण कुत्रा आणू या ना!" "अरे, दोन खोल्यांत कुठे ठेवणार?" "मग छोटा आणू!" आणि इथे तडजोड होते. छोटा कुत्रा म्हणजे छोटा खर्च, छोटं काम, असं सगळ्यांनीच धरून चाललेलं असतं. आज आम्ही या समजुतीबद्दलच बोलणार आहोत.

आम्ही दोघं मिळून पुण्यात लहान प्राण्यांचा दवाखाना चालवतो. एकाच्या हातात स्टेथोस्कोप, दुसरीच्या हातात हिशेबाची वही. त्यामुळे आजार आणि त्याचं बिल, दोन्ही आम्हाला एकाच वेळी दिसतं. आज जी उदाहरणं सांगू ती आमच्याच दवाखान्यातली आहेत. कोणाची ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत. रुपयांचे आकडे आमच्या भागातले, आजच्या भावाचे आणि अंदाजाचे आहेत. तुमच्या गावात ते थोडे कमी-जास्त होतील, पण हिशेबाची पद्धत तीच राहील.

रात्री साडेदहाची गोष्ट

एक तरुण जोडपं रात्री साडेदहाला टॉवेलात गुंडाळलेलं पिल्लू घेऊन आलं. रस्त्याकडेच्या विक्रेत्याकडून घेतलेलं, पामेरियनसारखं दिसणारं, कापसाच्या बोळ्याएवढं. विकणाऱ्यानं दीड महिन्याचं म्हणून सांगितलेलं, पण दात पाहिल्यावर आम्हाला ते जेमतेम महिन्याचं वाटलं. घरी आल्यापासून पाचव्या दिवशी उलट्या सुरू झाल्या आणि मग रक्ताची हगवण. तपासणीत पार्व्हो निघाला.

पार्व्होवर विषाणू मारणारं हमखास औषध नाही. सलाइन, उलट्या थांबवणारी इंजेक्शनं, जंतुसंसर्ग पसरू नये म्हणून प्रतिजैविकं, आणि चार-पाच दिवस रात्रंदिवस देखरेख. त्याचा खर्च वीस हजारांच्या आसपास जाणार होता. पिल्लू घेतलं होतं सहा हजारांना. मुलगी रडत होती आणि मुलगा बाहेर जाऊन तिघा-चौघांना फोन करत होता. महिनाअखेर होती. शेवटी पैसे जमले, पण त्यात दीड तास गेला. पिल्लू तिसऱ्या दिवशी गेलं. तो दीड तास वाचला असता तर ते जगलं असतं, असं आम्ही म्हणणार नाही. पण त्या दोघांच्या मनात तो दीड तास कायमचा राहिला, हे आम्हाला माहीत आहे.

कुत्रा हा खर्च आहे हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण खर्चाचा निर्णय शांतपणे घरी बसून घ्यायचा की रात्री साडेदहाला दवाखान्याच्या टेबलाशी उभं राहून, हे आपल्या हातात असतं. म्हणून आम्ही प्रत्येकाला एकच गोष्ट सुचवतो. कुत्रा आणायच्या आधी तीन महिने कुत्र्याशिवाय कुत्रा पाळून बघा.

हसताय ना? पण सांगतो कसं ते.

पहिली तालीम पैशांची

प्रौढ झाल्यावर सहा किलो वजनाचा कुत्रा धरू. शिह त्झू घ्या, आपल्याकडे पामेरियन म्हणून ओळखला जाणारा स्पिट्झ घ्या, नाहीतर छोटा डॅशहुंड घ्या. नसबंदी झालेल्या अशा कुत्र्याला दिवसाला साधारण सव्वाचारशे कॅलरी लागतात. कोरड्या खाद्यात मोजलं तर एकशे पंधरा-वीस ग्रॅम, म्हणजे महिन्याला साडेतीन किलो. मध्यम प्रतीच्या खाद्याचे १,८०० रुपये धरा. गोचीड-पिसवांच्या औषधाचे ५००. लांब केसांचा असेल तर आंघोळ, केस आणि नखं कापणं यांचे १,२००. दरवर्षीच्या लसी, जंताचं औषध आणि एक सर्वांगीण तपासणी यांचा वर्षाचा खर्च बाराने भागला तर महिन्याला ५००. आणि अडीअडचणीसाठी दरमहा बाजूला टाकायचे १,०००. झाले ५,००० रुपये.

वर्षाचे साठ हजार. लहान जातीचे कुत्रे मोठ्या जातींपेक्षा जास्त जगतात. बारा ते पंधरा वर्षं अगदी सहज. चौदा वर्षं धरली तर आठ लाख चाळीस हजार, तेही आजच्या भावानं. पिल्लाची किंमत या आकड्यापुढे किरकोळ आहे, फुकट मिळालं तरी यातला एक रुपया कमी होत नाही. म्हणजे "छोटा" कुत्रा खातो कमी हे खरं, पण तो तुमच्या सोबत राहतो जास्त वर्षं.

पहिल्या वर्षी यावर आणखी पंचवीस हजार धरा. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली लस, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढची, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत. तीन महिन्यांचा झाला की रेबीजची. सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी जंताचं औषध, नंतर महिन्याला, सहा महिन्यांनंतर दर तीन महिन्यांनी. नसबंदी. पट्टा, हार्नेस, भांडी, अंथरूण, ब्रश.

तर तालीम अशी, की आजपासून तीन महिने दरमहा ५,००० रुपये वेगळ्या खात्यात टाका. पगारातून, न चुकता. गणपतीचा महिना असो की शाळेची फी भरायचा. तीन महिन्यांनी १५,००० जमतील. ते खर्च करायचे नाहीत, तो तुमचा रात्री साडेदहाचा निधी. पुढे महिन्याच्या हजारानं तो वाढवत चाळीस-पन्नास हजारांपर्यंत न्यायचा. आणि तीन महिन्यांत दोनदा त्या पैशांना हात लावावा लागला, तर वर्षभर थांबा. त्यात कमीपणा काही नाही.

प्राण्यांचा विमाही आता मिळतो. पण घेताना वयाची अट, सुरुवातीचा प्रतीक्षा काळ आणि आधीपासूनच्या आजारांबद्दल काय लिहिलंय ते नीट वाचा. पैशांची ओढाताण असेल तर परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. तिथे खर्च खासगी दवाखान्यापेक्षा बराच कमी येतो. गर्दी असते, पण शिकवणारे तज्ज्ञ एका छताखाली भेटतात.

दुसरी तालीम वेळेची

रोज सकाळी सहा-साडेसहाला उठून वीस मिनिटं खाली चालून या, रात्री साडेनवाला पुन्हा. हातात पट्टा नसेल, शेजारी विचारतील, सांगा तालीम चालू आहे. ही तालीम जूनमध्ये सुरू केलीत तर उत्तम. जुलैच्या पावसात छत्री धरून रोज दोनदा कोण उतरतं, हे घराला कळलं पाहिजे. "मी नेईन, मी नेईन" म्हणणारा मुलगा दहावीत गेला की काम आईकडे येतं. आमच्या दवाखान्यात कुत्र्याला घेऊन येणाऱ्यांत आयांची संख्या बघितलीत तर तुम्हालाही पटेल.

तीन महिन्यांच्या पिल्लाला लघवी तीन-चार तासांहून जास्त रोखता येत नाही. दोघंही नोकरीला, घर सकाळी नऊ ते संध्याकाळी सात बंद, मग पिल्लू कोणाकडे? मागच्या वेळी एका गृहस्थांनी विचारलं होतं, "एकमेकांना सोबत म्हणून दोन आणली तर?" तर मंडळी, दोन पिल्लं एकमेकांना सोबत देतात, पण एकमेकांना शिकवत नाहीत. फरशी दोनदा पुसावी लागते इतकंच.

या तीन महिन्यांत एक कागद करा. गावी लग्नाला गेलो तर कुत्रा कुठे राहील? रेल्वेनं नेता येतो, पण वातानुकूलित प्रथम वर्गात अख्खा कूपे किंवा केबिन घेतली तर आपल्या सोबत, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत. घरात अंडं शिजतं का? शिजत नसेल तर आत्ताच पशुवैद्याशी बोला. कुत्रा शाकाहारावर राहू शकतो, पण त्यासाठी संतुलित आहार आखावा लागतो. दूध-पोळीवर ठेवलेल्या कुत्र्याला पुरेशी प्रथिनं मिळत नाहीत, आणि बऱ्याच कुत्र्यांना दूध पचतही नाही.

लहान शरीराचे मोठे प्रश्न

आता थोडं वैद्यकीय. लहान कुत्रा म्हणजे मोठ्या कुत्र्याची छोटी प्रत नव्हे.

पहिलं, दात. कुत्र्याला पूर्ण वाढ झाल्यावर बेचाळीस दात असतात. अल्सेशियनला बेचाळीस आणि पामेरियनलाही बेचाळीसच, पण जबडा केवढासा! दाटीवाटीत अन्न अडकतं, किटण चढतं, हिरड्या सुजतात. कधी दुधाचा सुळा पडतच नाही आणि नवा त्याच्या शेजारी उगवतो. सात महिन्यांनंतरही असे दोन सुळे जोडीनं दिसले तर नसबंदीच्या भुलीतच जुना काढून घ्यावा. रोज दात घासणं हाच उपाय. कुत्र्याची पेस्ट वापरा, आपली नाही. आपल्या पेस्टमधलं फ्लोराइड आणि काहींतलं झायलिटॉल त्याला घातक असतं.

इथे एक कबुली द्यायला हवी. आमच्या घरी पांढरी स्पिट्झ होती. दिवसभर लोकांना "दात घासा" म्हणून सांगायचं आणि रात्री घरी दमून आल्यावर "उद्या बघू". ती नऊ वर्षांची असताना खाणं टाकायला लागली. भूल देऊन तोंड उघडलं तर सात दात काढावे लागले. एवढं दुखत असूनही ती शेपूट हलवत दारात येत होती. कुत्रा दुखणं लपवतो, हे पुस्तकात आम्ही वाचलेलं होतं. घरात बघून मात्र लाज वाटली.

दुसरं, गुडघा आणि पाठ. लहान जातींत गुडघ्याची वाटी जागेवरून सरकते. कुत्रा चालता चालता दोन पावलं मागचा पाय उचलून उड्या मारतो, मग पुन्हा नीट चालतो. घरच्यांना ती गंमत वाटते. ती गंमत नाही, दाखवून घ्या. डॅशहुंडच्या मणक्यातली चकती सरकली तर मागचे पाय लुळे पडू शकतात. सोफ्यावरून उडी नको, जिना कडेवर. आणि वजन कमी ठेवा.

वजनावरून आठवलं. चहाबरोबर "त्याला पण एक" म्हणून दिलेलं ग्लुकोजचं बिस्किट साधारण पंचवीस कॅलरींचं असतं. घरात चार माणसं, प्रत्येकानं एक दिलं, झाल्या शंभर. त्याच्या दिवसभराच्या गरजेचा जवळजवळ चौथा हिस्सा! आपल्या हिशेबानं पाचशे कॅलरी, म्हणजे जेवणावर आणखी एक जेवण. प्रेम करा, पण मोजून.

तिसरं, श्वास. पामेरियनसारख्या कुत्र्यांची श्वासनलिका नाजूक असते. गळ्याला हिसके बसले की हंसासारखा ठसका येतो. म्हणून गळपट्ट्याला साखळी नको, छातीवरचा हार्नेस वापरा. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला उन्हाळा सोसत नाही. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो आणि याची हवेची वाटच अरुंद असते. एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत, संध्याकाळी ऊन उतरल्यावरच फिरवा. हाताची मागची बाजू डांबरावर पाच सेकंद ठेवा, तुम्हाला ठेववत नसेल तर त्याचे पाय कसे ठेवतील?

चौथं, साखर. फार लहान पिल्लू चार-सहा तास उपाशी राहिलं तर रक्तातली साखर घसरून ते लटपटतं, बेशुद्ध पडतं. हिरड्यांना मध किंवा साखरेचं पाणी चोळायचं आणि तसंच दवाखान्यात धावायचं. "टीकप" म्हणून चढ्या भावानं जी पिल्लं विकली जातात, त्यांच्यात हा धोका सगळ्यात जास्त. टीकप ही कुठली जात नाही, ते विक्रीचं नाव आहे.

आणि पाचवं, मादीची नसबंदी. न केलेल्या मादीत माज येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत गर्भाशयात पू होऊ शकतो. खूप पाणी पिणं, मरगळ, उलट्या. तेव्हा शस्त्रक्रिया जीव वाचवण्यासाठी करावी लागते आणि खर्च कितीतरी पट होतो. वेळेवर केलेली नसबंदी हा आमच्या वहीतला सर्वांत स्वस्त विमा आहे.

घरातली औषधं, घरातलं जेवण

कांदा, लसूण, मनुका, द्राक्षं, चॉकलेट हे कुत्र्याला विषारी. मोठ्या कुत्र्याला जे निभावतं ते सहा किलोच्या कुत्र्याला निभावत नाही. रश्श्यातला भात, कांद्याची भजी, प्रसादाच्या शिऱ्यातल्या मनुका, सगळं बंद.

दुसरी चूक तापाची. कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे त्याचं नेहमीचं तापमान. आपण कपाळाला हात लावतो, अंग तापलंय म्हणतो आणि घरातली पॅरासिटामॉल देतो. आपली तापाची, अंगदुखीची गोळी त्याचं यकृत किंवा मूत्रपिंडं निकामी करू शकते. स्वतःच्या मनानं एकही गोळी नको. पाच वर्षांच्या मुलाची मात्रा "अर्धी करून" सुद्धा नको.

गोचिडाचं औषध बारा महिने चालू ठेवा. गोचीड तापात प्लेटलेट घटतात, नाकातून रक्त येतं. घराबाहेर कमी जाणाऱ्या कुत्र्यालाही तो होतो, कारण गोचीड आपल्या पायपुसण्यापर्यंत येते. आणि रेबीजची लस एकही वर्ष चुकवायची नाही. घरच्या पिल्लाचे दात लागले तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. लक्षणं दिसल्यावर रेबीजवर इलाज नाही.

घ्यायचा कुठून

२०१७ पासून कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम आहेत. पैदास करणाऱ्यानं राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. नोंदणी प्रमाणपत्र मागा, लसीची नोंद मागा, पिल्लाची आई बघायला मागा. आई दाखवायला टाळाटाळ झाली तर नमस्कार करून परत या. आणि संस्थांकडे मोठे झालेले, घर गमावलेले छोटे कुत्रेही असतात, आधी त्यांना भेटा. प्रौढ कुत्र्याचा स्वभाव आणि आकार दोन्ही समोर दिसतं, पिल्लात अंदाज करावा लागतो. घरी आणल्यावर महापालिकेचा परवाना काढा, खाली केलेली घाण स्वतः उचला. सोसायटीतली अर्धी भांडणं तिथेच मिटतात.

आजोबांचा कागद

शेवटची गोष्ट. एका आजी-आजोबांना परदेशातल्या मुलानं लग्नाच्या वाढदिवसाला शिह त्झूचं पिल्लू भेट पाठवलं. हेतू चांगलाच होता, आईबाबांना सोबत. आजोबा बहात्तरचे, आजी अडुसष्टच्या. पहिली चार वर्षं छान गेली. मग आजोबांचं खुब्याचं हाड मोडलं. आजी त्यांचं करणार की कुत्र्याचे केस विंचरणार? तीन महिन्यांनी कुत्रा आमच्याकडे आला तेव्हा केसांच्या इतक्या गाठी झाल्या होत्या की त्याखाली कातडी सोलवटली होती. गुंगी देऊन सगळे केस उतरवावे लागले. आजी टेबलाजवळ उभ्या राहून त्याला म्हणत होत्या, "माझं चुकलं रे बाळा." आम्हाला मात्र वाटत होतं, यांचं काय चुकलं? चौदा वर्षांची जबाबदारी त्यांना न विचारता दारात आणून ठेवली होती. कुत्रा ही भेट द्यायची वस्तू नाही, एवढं तरी परदेशातल्या आणि इथल्याही मुलांनी ध्यानात ठेवावं.

पुढे काय केलं ते आजोबांकडून शिकण्यासारखं आहे. वॉकर घेऊन चालायला लागल्यावर ते दवाखान्यात आले आणि एक कागद दिला. त्यावर तीन नावं होती. आजारपणात रोज फिरवणार खालच्या मजल्यावरचा कॉलेजातला मुलगा, महिन्याला ठरलेले पैसे घेऊन. आठवडाभरासाठी सांभाळणार भाची. आणि "आम्ही दोघंही नसलो तर" या ओळीसमोर त्यांच्याकडे वीस वर्षं काम करणाऱ्या बाईंचं नाव, त्यांच्या संमतीच्या सहीसकट. खाली कुत्र्याच्या नावानं वेगळ्या ठेवलेल्या मुदत ठेवीची नोंद. केस बारीक कापून ठेवायचे, लांब वाढवायचे नाहीत, हेही लिहिलेलं. तो कागद आमच्या फाइलमध्ये अजून आहे. आजोबा आता नाहीत. कुत्रा अकरा वर्षांचा आहे, त्या बाई त्याला दर तीन महिन्यांनी घेऊन येतात. दात उत्तम आहेत.

म्हणून सांगतो, तुमचं वय तीस असो की सत्तर, ती तीन नावं कुत्रा आणायच्या आधी लिहा आणि ज्यांची लिहिली त्यांना विचारून लिहा. पैसे बाजूला पडले, पावसात चालणं जमलं, कागदावर तीन नावं आली, की मग खुशाल आणा. घरी आल्यावर तो चप्पल चावेल, पडदा ओढेल, तुम्ही दमून आलात की दारात नाचेल. तेव्हा तुमच्या डोक्यात हिशेब नसेल, कारण तो आधीच झालेला असेल.

मुलांनो, घरी जाऊन आईबाबांशी भांडू नका. उद्या सकाळी सहाचा गजर लावा.